फिंगर लेक्स आरव्हीने: भाड्याची गाडी, तलावाकाठचे पार्क आणि १८४८ चं ते चॅपल

न्यू जर्सीतून न्यूयॉर्क राज्यातल्या फिंगर लेक्स या तलावांच्या भागात आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन जावं की नेहमीसारखी आपली गाडी आणि हॉटेल करावं, हा प्रश्न आमच्या ओळखीत बऱ्याच जणांना पडलाय, म्हणून उत्तर आधी सांगते आणि बाकीचं मग. दोघंच असाल, हाताशी वेळ असेल आणि एका तलावाच्या काठी गाडी न हलवता दोन-तीन रात्री राहायची तयारी असेल तर नक्की जा. रोज नवीन गाव आणि रोज दोनशे मैल असा प्लॅन असेल तर आरव्ही घेऊ नका, पैसेही जास्त जातील आणि दोघंही दमून जाल. गाडीला मी पाचपैकी साडेतीन देईन, भाड्याने देणाऱ्यांना तीन, आणि न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कांना पाच. सेनेका फॉल्स आणि ऑबर्न या दोन गावांना मार्क द्यायचा प्रश्नच नाही, तिथे प्रत्येक मराठी माणसाने एकदा तरी जायला हवं असं मला मनापासून वाटतं, का ते खाली लिहिते.

आधी गाडी. आम्ही घेतली ती क्लास सी, साधारण पंचवीस फुटांची, म्हणजे पुढे फोर्डच्या व्हॅनचं तोंड, ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला एक पलंग आणि मागे सगळं घर. साध्या ड्रायव्हिंग लायसन्सवर चालवता येते. मागे कायमचा बेड, मधे टेबल, छोटासा ओटा, तीन बर्नरचा गॅस, फ्रिज, बाथरूम, दोघांना भरपूर झालं. मोठ्या गाड्या कधीकधी तेवढ्याच भाड्यात मिळतात आणि मोह होतो, पण स्टेट पार्कांतल्या बऱ्याच साइट, म्हणजे गाडी लावून राहायच्या जागा, जुन्या आहेत, झाडांच्या मधे आहेत, तीस फुटांच्या पुढची गाडी आत घालताना घाम फुटतो. बुकिंग करताना प्रत्येक साइटची लांबी लिहिलेली असते, ती वाचूनच साइट घ्या.

भाडं उन्हाळ्यात रात्रीला दोनशे डॉलरच्या आसपास पडलं, त्यावर इन्शुरन्स, ठरलेल्या मैलांच्या पुढे प्रत्येक मैलाला वेगळे पैसे, जनरेटर वापरला तर तासाचे वेगळे. पेट्रोलला गॅलनमागे आठ ते दहा मैल धरून चाला. पार्कातली वीज असलेली साइट मात्र स्वस्त, हॉटेलच्या मानाने काहीच नाही. सगळं मिळून हिशोब केला तर हॉटेल आणि बाहेरचं जेवण याच्या जवळपास तेवढंच होतं, थोडं जास्तच. त्यामुळे पैसे वाचवायला म्हणून कोणी आरव्ही घेणार असेल तर तसं होत नाही. आरव्हीचा खरा फायदा हा की सकाळी दार उघडलं की समोर तलाव असतो आणि चहा आपल्या हातचा असतो.

देणाऱ्यांबद्दल. नाव लिहीत नाही, कारण इतरांकडून वेगवेगळ्या ठिकाणच्या गाड्यांबद्दल साधारण असंच ऐकलंय. माणसं बोलायला चांगली होती, रात्री फोन केला तरी उचलला. पण गाडी ताब्यात देताना सगळं घाईघाईत दाखवलं, लेव्हलिंगचे ठोकळे, म्हणजे चाकाखाली घालून गाडी सपाट करायचे, दिलेच नव्हते, ते आम्ही वाटेत विकत घेतले, आणि ग्रे टँकचा, म्हणजे आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी साठतं त्या टाकीचा, सेन्सर पहिल्या दिवसापासून फुल दाखवत होता, टँक रिकामा असला तरी फुल. अशा वेळी टँक किती भरलाय ते अंदाजाने ओळखावं लागतं आणि आंघोळ करताना सारखी धाकधूक राहते. ओनिंगचा, म्हणजे दारावरच्या कापडी छपराचा, एक दांडा अर्ध्यात अडकायचा. पाण्याचा होज नळाशी गळत होता, तो दोन डॉलरच्या वॉशरने सुटला, पण तो वॉशर त्यांनी बदलून द्यायला हवा होता. एक गोष्ट मात्र प्रत्येकाने करा, गाडी घेताना बाहेरून, आतून, वरून, खालून सावकाश व्हिडिओ काढा. परत देताना आम्हाला मागच्या कोपऱ्यावरच्या एका ओरखड्याचे पैसे लावले होते, तो ओरखडा आमच्या पहिल्या व्हिडिओत स्वच्छ दिसत होता, तो पाठवल्यावर दोन दिवसांत चार्ज काढून टाकला. व्हिडिओ नसता तर ते पैसे गेलेच असते.

चालवण्याचं म्हणाल तर नवऱ्याने बहुतेक चालवली आणि मी थोडी. एडिसनहून इंटरस्टेट ८० घ्यायचा, मग ३८०, मग ८१ वरून बिंगहॅम्टन, तिथून ८६ आणि शेवटी रूट १४ वरून वॉटकिन्स ग्लेन. पेनसिल्वेनियातल्या चढांवर गाडी हळू होते, शेजारून मोठा ट्रक गेला की हवेने बाजूला ढकलल्यासारखी होते, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरूनच ठेवायला लागतं. गाडीची उंची अकरा-बारा फूट असते, तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. न्यूयॉर्कच्या दक्षिणेकडच्या पार्कवेंवरचे जुने पूल बुटके आहेत आणि साधा जीपीएस बिनधास्त तिकडे नेतो, त्यामुळे आरव्हीसाठीचं वेगळं ॲप वापरा किंवा इंटरस्टेट सोडूच नका. कयुगा लेकच्या टोकाला असलेल्या इथाका गावात उतरणारे रस्ते पण फार तीव्र उताराचे आहेत, लो गिअरला टाकून उतरायचं, नुसत्या ब्रेकवर नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आरव्हीच्या मागे छोटी गाडी बांधून नेली नसेल, आणि भाड्याच्या आरव्हीला ती बांधू देत नाहीतच बहुतेक, तर दूध आणायला जायचं झालं तरी पूर्ण घर घेऊन जावं लागतं. विजेची वायर काढा, पाण्याचा होज काढा, ठोकळे काढा, ओट्यावरच्या बरण्या आत ठेवा, फ्रिजचं दार लॉक करा, आणि मग निघा. म्हणून पार्क असा निवडायचा की तिथून चालत जाण्यासारखं काहीतरी मोठं असेल. ही एकच गोष्ट नीट केली तर ट्रिप सुखाची होते, आणि या दृष्टीने वॉटकिन्स ग्लेनला तोड नाही.

वॉटकिन्स ग्लेन स्टेट पार्कचं कॅम्पग्राउंड वर डोंगरावर आहे आणि तिथून चालत घळीत उतरता येतं, गाडी हलवायची गरजच नाही. घळ म्हणजे साधारण दोन मैलांच्या अंतरात एकोणीस धबधबे, ओढा चारशे फूट खाली येतो, आणि बाजूने दगडी वाट, बोगदे, पूल, आठशेच्या वर पायऱ्या. एक धबधबा असा आहे की वाट त्याच्या मागून जाते, अंगावर तुषार येतात. आपण सह्याद्रीत वाढलेली माणसं, आपला दगड लाव्हाचा, काळा आणि सलग, इथे मात्र कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाचा गाळ थरावर थर बसून दगड झालाय आणि पाण्याने तो पानापानाने कापलाय, भिंतीला हात लावला की थर बोटांना लागतात. शेवटचं हिमयुग ओसरल्यावर, म्हणजे साधारण बारा हजार वर्षांत, एवढं कोरलंय त्या ओढ्याने.

ही जागा आधी खासगी होती, १८६३ साली एका पत्रकाराने तिकीट लावून लोकांना दाखवायला सुरुवात केली, १९०६ मध्ये राज्याने ती विकत घेतली. १९३५ च्या जुलैत मोठा पूर आला आणि वाटा वाहून गेल्या, त्यानंतर सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअरच्या पोरांनी, म्हणजे मंदीत बेकार झालेल्या तरुणांच्या सरकारी पलटणीने, आज दिसतंय ते दगडकाम केलं. ते दगडकाम बघून मला फार समाधान वाटलं, कुठेही सिमेंटचे गुळगुळीत ठोकळे नाहीत, स्टीलचे चकचकीत रेलिंग नाहीत, कठडे तिथल्याच दगडाचे आणि तिथल्याच रंगाचे. आपल्याकडे गडांवर पायऱ्या बांधणाऱ्यांनी इथे येऊन एकदा बघावं असं राहून राहून वाटत होतं. सकाळी नऊच्या आत उतरा, अकरानंतर एवढी गर्दी होते की फोटोसाठी रांगा लागतात. गुडघे दुखत असतील तर वरच्या एंट्रन्सपासून खाली उतरत या आणि परत येताना सीझनमध्ये शटल असते ती घ्या, चढ वाचतो. बूट मात्र चांगल्या ग्रिपचे, दगड कायम ओला असतो.

कॅम्पग्राउंडचे भाग हॉडेनोसॉनी, म्हणजे इथल्या मूळ रहिवासी लोकांच्या सहा राष्ट्रांच्या नावाने आहेत, मोहॉक, ओनायडा, ऑनोंडागा, कयुगा, सेनेका, टस्करोरा. तलावांनाही त्यांचीच नावं आहेत, सेनेका आणि कयुगा. पण ही नावं बघताना हेही माहीत असायला हवं की १७७९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या हुकमावरून जनरल सलिव्हनच्या फौजेने याच तलावांच्या काठची चाळीसच्या आसपास गावं जाळली, उभी मक्याची शेतं आणि फळबागा तोडल्या. रस्त्याच्या कडेला त्या मोहिमेचे निळे-पिवळे बोर्ड आहेत, छोटे, गाडी चालवताना निसटून जातील असे. वेळ असेल तर व्हिक्टर गावाजवळ गॅनोंडॅगन नावाची स्टेट हिस्टॉरिक साइट आहे, सेनेकांचं मोठं गाव तिथे होतं, १६८७ मध्ये फ्रेंच फौज चालून आली तेव्हा ते जळालं, आता तिथे झाडाच्या सालीचं पूर्ण आकाराचं लाँगहाउस उभं केलंय. आत गेलं की मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची त्यांची पद्धत समजते, मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढतो आणि भोपळ्याची पानं खाली ओल धरून ठेवतात.

सेनेका लेकबद्दल एक आकडा सांगते, खोली ६१८ फूट. एवढं खोल पाणी असल्यामुळे हा तलाव थंडीत सहसा गोठत नाही आणि काठची हवा जरा उबदार राहते, म्हणूनच दोन्ही उतारांवर द्राक्षांचे मळे आहेत. वाइनवाल्यांना इथली रीझलिंग ही पांढरी वाइन आवडेल, आम्ही एकाच ठिकाणी थांबलो, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही.

सेनेका लेकच्या पूर्व काठाला सॅम्पसन स्टेट पार्क आहे, तिथे वीज असलेल्या साइट भरपूर आहेत आणि मोठ्या गाड्यांसाठी जागा ऐसपैस आहे, पहिल्यांदाच आरव्ही नेणाऱ्याने सुरुवात इथे करावी. काठ पूर्वेचा असल्यामुळे संध्याकाळी सूर्य समोर पाण्यावर मावळतो. एवढी मोकळी मैदानं आणि एवढे रुंद रस्ते एका पार्कात कशाला असा प्रश्न पडतो, तर १९४२ मध्ये दुसऱ्या महायुद्धात नौदलाने इथे शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन ट्रेनिंग स्टेशन उभारलं आणि १९४६ पर्यंत चार लाखांहून जास्त खलाशी इथून तयार होऊन गेले. समुद्रापासून इतकं लांब नौदलाचं केंद्र, कारण तलाव खोल आणि मोठा. पुढे पन्नाशीच्या दशकात तिथे एअर फोर्सचा बेस होता. पार्कात छोटं म्युझियम आहे, तिथे काम करणारे स्वयंसेवक मनापासून सगळं सांगतात, त्यांच्याशी बोलायला वेळ ठेवा. शेजारी जुन्या आर्मी डेपोचं लांबच लांब कुंपण आहे, त्याच्या आत पांढरी हरणं आहेत, रूट ९६ए वरून कधीकधी दिसतात म्हणे, आम्हाला नाही दिसली.

स्वयंपाकाचं विचारणारे बरेच असतात म्हणून इथेच सांगून टाकते. गाडीची वीज तीस अँपियरची असते, एसी चालू असताना मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो, राइस कुकरचंही तेच. गाडीत फोडणी केली की स्मोक अलार्म वाजतो, वरचा पंखा नावापुरता आहे. यावर उत्तम उपाय म्हणजे साइटवर विजेचा जो खांब असतो त्यावर साधा सॉकेटपण असतो, घरून इंडक्शन आणि एक चांगली एक्स्टेंशन कॉर्ड न्या आणि पिकनिक टेबलवर बाहेर स्वयंपाक करा. पोहे, थालीपीठ, मेतकूट-भात, पिठलं, सगळं बाहेरच्या टेबलवर झालं. फ्रिज चांगला चालला, वीज नसताना प्रोपेनवर आपोआप जातो. शनिवारी-रविवारी इथाकाचा फार्मर्स मार्केट कयुगा लेकच्या पाण्याला लागूनच भरतो, ऑगस्टमधली कणसं आणि पीच घ्याच, ती कणसं शेगडीवर भाजून लिंबू-मीठ-तिखट लावून खाल्ली, त्या दिवशी दुसरं काही लागलंच नाही. लाकूड घरून नेऊ नका, पन्नास मैलांच्या पलीकडून प्रक्रिया न केलेलं सरपण नेण्यावर न्यूयॉर्कमध्ये बंदी आहे, झाडं खाणारे किडे पसरतात म्हणून. पार्काबाहेर शेतकऱ्यांच्या दारात मोळ्या ठेवलेल्या असतात, डब्यात पैसे टाकायचे आणि घ्यायची.

आता सेनेका फॉल्स. राहायला कयुगा लेक स्टेट पार्क घ्या, गावापासून अगदी जवळ, वीज असलेल्या साइट आहेत, पाणी उथळ आहे. उन्हाळ्याच्या शेवटी या तलावांमध्ये शेवाळाचा विषारी थर येतो कधीकधी, पोहायला उतरण्याआधी पार्कातली सूचना वाचा, पाणी हिरव्या रंगासारखं दिसलं तर उतरूच नका.

गावात विमेन्स राइट्स नॅशनल हिस्टॉरिकल पार्क आहे, प्रवेश फुकट. १९ आणि २० जुलै १८४८ ला इथल्या वेस्लियन चॅपलमध्ये अमेरिकेतली बायकांच्या हक्कांची पहिली परिषद भरली. साधारण तीनशे माणसं जमली, पहिला दिवस फक्त बायकांचा होता. एलिझाबेथ केडी स्टँटन तेव्हा बत्तीस वर्षांची, घरात लहान मुलं, तिने आणि मैत्रिणींनी मिळून जाहीरनामा लिहिला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्याच चालीवर, फक्त सगळे पुरुष समान या जागी सगळे पुरुष आणि स्त्रिया समान. शंभर जणांनी सह्या केल्या, अडुसष्ट बायका आणि बत्तीस पुरुष. मताधिकाराच्या ठरावावर त्यांच्यातच वाद झाला, फार पुढचं मागतोय असं काहींना वाटत होतं, तेव्हा गुलामीतून सुटून आलेला फ्रेडरिक डग्लस उठून त्याच्या बाजूने बोलला आणि ठराव पास झाला. मत मिळायला १९२० उजाडलं, आणि सह्या करणाऱ्यांपैकी शार्लट वुडवर्ड ही एकटीच तेव्हा जिवंत होती.

१८४८. त्याच वर्षी पुण्यात भिडे वाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा सुरू केली. सावित्रीबाई तेव्हा सतरा वर्षांच्या. मी पुण्याची, बुधवार पेठेत दगडूशेठच्या समोरून शेकडो वेळा गेलेली आहे, तो वाडा पडक्या अवस्थेत बघितलेला आहे, तळमजल्यावर दुकानं आणि वर मोडकी गॅलरी. इथल्या चॅपलचंही तसंच झालं होतं, चर्चने विकून टाकल्यावर तिथे कधी थिएटर, कधी गॅरेज, शेवटी कपडे धुण्याचं लाँड्रोमॅट होतं. १९८० मध्ये हे नॅशनल पार्क झालं तेव्हा मूळच्या भिंतींचे तुकडे आणि छताचा काही भाग एवढंच उरलेलं, तेवढं जपून त्याभोवती इमारत पुन्हा उभी केली, जुनी वीट कोणती आणि नवी कोणती ते आत बसल्यावर नजरेला कळतं. आम्ही बराच वेळ त्या बाकांवर बसलो होतो. नवरा म्हणाला, "अगं, या दोघींना एकमेकींची नावंसुद्धा माहीत नसतील." मला तेच फार मोठं वाटतं, कोणी कोणाचं बघून केलेलं नाही, दोन टोकांना एकाच वर्षी दोन बायका उठून उभ्या राहिल्या. भिडे वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, तिथे राष्ट्रीय स्मारक होणार आहे. ते करणाऱ्यांनी सेनेका फॉल्सचं हे काम बघावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे. मूळ वाडा आता नाही, पण जागा तीच आहे, तिथे येणाऱ्या पोरीला जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कुठे उभं राहून शिकवलं असेल ते कळलं पाहिजे.

बाहेर जाहीरनाम्याचे शब्द आणि सह्या करणाऱ्यांची नावं कोरलेली दगडी भिंत आहे, तिच्यावरून पाणी वाहतं. व्हिजिटर सेंटरमध्ये शिरल्या शिरल्या त्या माणसांचे पूर्ण उंचीचे ब्राँझचे पुतळे घोळक्याने उभे आहेत, चौथरा नाही, त्यांच्यातून चालत जायचं. स्टँटनचं घर कॅनॉलच्या पलीकडे आहे, चालत जाता येतं. गाडी लांब असल्यामुळे सकाळी लवकर पोचा, मुख्य रस्त्यावर पार्किंग अवघड आहे, आम्हाला सकाळी जागा सहज मिळाली, दुपारी मात्र मिळाली नसती.

तिथून पंधरा मैलांवर ऑबर्न, हॅरिएट टबमनचं गाव. मेरीलँडमध्ये गुलाम म्हणून जन्मलेली, १८४९ मध्ये पळाली, आणि पुन्हा पुन्हा तेरा-एक वेळा परत जाऊन सत्तरेक माणसांना सोडवून आणलं. १८५९ मध्ये विल्यम सुअर्ड या सिनेटरने, जो पुढे लिंकनचा परराष्ट्र मंत्री झाला, तिला इथे जमीन विकली, पळालेल्या गुलामाला जमीन विकणं तेव्हा कायद्याने धोक्याचं होतं. मग ती १९१३ मध्ये गेली तोपर्यंत हे तिचं गाव. आईवडिलांना आणलं, अनाथांना ठेवून घेतलं, शेवटी म्हाताऱ्या आणि निराधार कृष्णवर्णीयांसाठी घर काढलं. सिव्हिल वॉरमध्ये तिने सैन्यासाठी हेरगिरी केली, १८६३ मध्ये एका नदीवरच्या मोहिमेत सातशेहून जास्त गुलाम सुटले, आणि तरी पेन्शनसाठी तिला तीसेक वर्षं भांडावं लागलं, १८९९ मध्ये कुठे महिन्याला वीस डॉलर मंजूर झाले. गाइड हे सांगत होती तेव्हा तिचा स्वतःचा आवाज बदलला होता. टूर गाइडबरोबरच होते, वेळा ठरलेल्या असतात, आधी बघून जा.

आणि इथे आपलं नातं अगदी थेट आहे. जोतीरावांनी १८७३ मध्ये गुलामगिरी लिहिलं ते अमेरिकेतल्या त्या सज्जन लोकांना अर्पण केलंय ज्यांनी काळ्या माणसांची गुलामी मोडायला स्वतःला झोकून दिलं. ते पुस्तक पुण्यात छापलं गेलं तेव्हा ही बाई याच जमिनीवर राहत होती, डुकरं पाळत होती, भाजी लावत होती. शाळेत अर्पणपत्रिकेचा उल्लेख वाचलेला असतो पण ती माणसं कोण हे डोळ्यांसमोर येत नाही, ऑबर्नच्या त्या साध्या विटांच्या घरासमोर ते येतं. मी गाइडला हे सांगितलं, तिने जोतीरावांचं नाव वहीत लिहून घेतलं, स्पेलिंग दोनदा विचारून. फोर्ट हिल सेमेटरीत टबमनची कबर आहे, मोठ्या स्प्रूसच्या झाडाखाली, लोक दगडावर नाणी ठेवून जातात. तिथल्या आतल्या वाटा अरुंद आहेत, आरव्ही आत नेऊ नका, बाहेर लावून चालत जा.

टगॅनॉक फॉल्स स्टेट पार्क, कयुगा लेकच्या पश्चिम काठाला, शेवटी केलं. धबधबा २१५ फूट, नायगऱ्यापेक्षा तेहेतीस फुटांनी उंच, आणि तिथपर्यंत जाणारी वाट पाऊण मैलाची, सपाट, आजी-आजोबांना घेऊन जाता येईल अशी. कॅम्पिंगच्या साइट चढावर आहेत आणि वीज असलेल्या थोड्याच, आरव्ही सरळ उभी करायला आम्हाला बरेच ठोकळे लागले. ऑगस्टच्या शेवटी पाणी कमी होतं. ज्यांनी वॉटकिन्स ग्लेन बघितलंय त्यांनी इथे राहायचा हट्ट करू नये, दुपारभर थांबून पुढे जावं, तलावाकाठी डबा खायला जागा सुंदर आहे.

टँक रिकामे करायचं काम सगळ्यांना भीतीदायक वाटतं, तसं काही नाही. या पार्कांत बहुतेक साइटवर ड्रेनेज नसतं, बाहेर पडताना डंप स्टेशन, म्हणजे टँक रिकामे करायची जागा असते. आधी ब्लॅक टँक, म्हणजे संडासाचा, मग ग्रे, म्हणजे साबणाचं पाणी मागून येऊन पाइप धुतला जातो. जाड रबरी हातमोजे स्वतःचे न्या. रविवारी अकरा वाजता तिथे पाऊण तास रांग असते, त्यामुळे एक तर आठला निघा नाहीतर सोमवारी. गरम पाण्याची टाकी सहा गॅलनची, एकाची आंघोळ झाली की वीस मिनिटं थांबायचं, पार्कातले शॉवर स्वच्छ होते, आम्ही तेच वापरले.

बुकिंग नऊ महिने आधी उघडतं आणि जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार लगेच जातात. लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर, मधल्या वारी जागा मिळते, भाडंही उतरतं, गर्दीही कमी, शेवाळ मात्र तेव्हाही असू शकतं. वॉटकिन्स ग्लेनची घळीतली वाट थंडीत बंद असते, तेवढं लक्षात ठेवून तारखा घ्या. आम्ही पुढच्या सप्टेंबरसाठी कयुगा लेकची साइट बघतोय, यावेळी सुअर्डचं घर आतून बघायचं राहिलं आणि शेजारच्या वॉटरलू गावातलं, जिथे सेनेका फॉल्सचा तो जाहीरनामा लिहायला बसले ते मॅक्लिंटॉक हाउसही. गाडी मात्र दुसरीकडून घेऊ, बावीस फुटांची मिळाली तर तीच.